नावे आणि नाव

पाचोऱ्याच्या लग्नात एखाद्या मावशींच्या खांद्याला अजरखची, चामडी बंदांची पिशवी दिसली, की आम्ही किंमत सोडून इतिहास चाचपतो. गुजरातेत लाकडी ठशांनी छापलेलं सुती कापड मध्ययुगातच मिसरात, फुस्तातला विकलं जाई. त्याचे तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. छापणाऱ्याचं नाव नाही!

चामड्याचं तेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५मध्ये मिलानला 'प्राडा'ने तसल्याच चपला मिरवल्या, त्या निव्वळ 'चामडी सँडल' म्हणून. इकडे ओरड झाली, तेव्हा प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं.

आम्हां खतावणीवाल्यांना हिशेब साधा दिसतो: कारागिराच्या खात्यात शतकानुशतकं 'नावे' पडतंय, 'नाव' तेवढं जमा व्हायचं राहिलंय.