मोबाइलवरचा ऑप्शन अन् वांद्र्यातला सर्व्हर : पैसा कुणाकडून कुणाकडे जातो?

राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसईचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचंही तिथंच. आपल्या तालुक्यात पारावर बसून मोबाइलवर ‘ऑप्शन’ घेणाऱ्या पोराची ऑर्डर शेवटी या बाजाराच्या संगणकावरच जुळते.

सुरुवातीला तंत्रज्ञानानं लहान माणसाचं भलंच केलं. पूर्वी दलाल स्ट्रीटवर आरडाओरडा करून सौदे व्हायचे. भाव काय लागला, तर दलाल सांगेल तो. ३ नोव्हेंबर १९९४ पासून एनएसईनं उपग्रहानं जोडलेल्या संगणकांवर शेअरचे व्यवहार सुरू केले. मुंबईचा भाव बाहेरगावीही त्याच वेळी दिसू लागला.

पुढं शर्यत वेगाची झाली. ‘को-लोकेशन’ म्हणजे ब्रोकरनं भाडं भरून आपला सर्व्हर बाजाराच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवायचा. अंतर कमी, म्हणून भाव आधी कळतो अन् ऑर्डर आधी पोहोचते. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तिथं बोटानं बटण कुणी दाबत नाही, आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम सौदे करतो. त्याला ‘अल्गो’ म्हणतात. हे बेकायदा नाही, पण परवडतं ते मोठ्यांनाच.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. उलट एकट्या २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशानं खेळणाऱ्या ब्रोकर कंपन्यांनी ३३ हजार कोटी, तर परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी कमावले (खर्च वजा न करता). हा नफा ९६-९७ टक्के अल्गोतून आला. तोटा झालेल्यांत पैसेवाले किती? त्या वर्षी ७५ टक्क्यांहून जास्त वैयक्तिक ट्रेडरचं सांगितलेलं उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं, आणि ७० टक्क्यांहून जास्त लोक मोठी ३० शहरं सोडून इतर भागांतले, म्हणजे आपल्यासारखेच.

सगळा दोष वेगाचा नाही. दलाली आणि कर प्रत्येक सौद्याला लागतात, आणि स्वस्त दिसणारा ऑप्शन मुदतीला बहुतेक वेळा शून्य होतो.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं सौद्याची किमान किंमत १५ लाख केली, आठवड्याच्या मुदतीही कमी केल्या. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यातच राहिले.

टेलिग्रामवर ‘पक्की टिप’ विकणारा भेटला, तर त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर आधी तपासा.