कछहऱ्याची कुळकथा

वरणगावहून नांदेडला जायचं तर भुसावळला सचखंड एक्सप्रेस पकडावी. अमृतसरहून येणारी ही गाडी नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंनी भरलेली असते आणि आपली नजर आधी जाते ती त्यांच्या दस्तारांकडे, म्हणजे पगड्यांकडे. निळे, केशरी, पांढरे. पण शिखांच्या वेशातलं दुसरं बंधनकारक वस्त्र आपल्याला दिसतच नाही. कुर्त्याखाली झाकलेला कछहरा, म्हणजे शिवलेली सैल चड्डी.

१९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मंजूर केलेली रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, कपड्यांबद्दल फारच थोडं सांगते. कछहरा हवा, पुरुषाला दस्तार हवा, बाकी ज्याला जे रुचेल ते. बाईने दस्तार बांधावा की नाही, हे तिच्यावर सोडलेलं आहे. कछहरा मात्र अमृत, म्हणजे खालशाची दीक्षा, घेतलेल्या बाईलाही आहे, तसाच आणि तेवढ्याच हक्काने. गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिब वाचणाऱ्या ग्रंथीला वेगळा झगा नाही. गुरूसमोर बसणारा आणि शेतात राबणारा एकाच शिलाईचं वस्त्र घालतो, ही मला या धर्मातली फार मोठी गोष्ट वाटते.

परंपरा कछहऱ्याची सुरुवात १६९९ च्या वैशाखीला, आनंदपूरला सांगते. गुरू गोविंदसिंहांनी शीर मागितलं आणि पाच जण उभे राहिले. लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणी वाहणारा, द्वारकेचा छिंपा (कापड छापणारा) आणि बिदरचा न्हावी. तोवर ज्याचा-त्याचा पेहराव ज्याच्या-त्याच्या जातीची ओळख सांगत होता. त्या दिवसापासून पाचांचा वेश एक झाला. नंतर गुरूंनी त्या पाचांकडूनच स्वतः अमृत घेतलं. यातला बिदरचा साहिबसिंह आपल्या उंबऱ्यावरचा माणूस; नांदेडच्या पलीकडे, मराठी बोलणाऱ्या भालकीच्या मुलखातला. चमकौरच्या लढाईत तो आणि द्वारकेचा मोहकमसिंह दोघेही पडले.

ऐसपैस घेर, कमरेला नाडा, गुडघ्याच्या वर थांबणारी लांबी: घोड्यावर मांड टाकायला, धावायला, तलवार फिरवायला हे सोयीचं. धोतर सुटतं, पायात येतं. शिवलेला कछहरा अंगावर बसून राहतो. मध्यरात्री हल्ला झाला तरी शीख तयार असला पाहिजे, हा त्यामागचा विचार. दुसरा अर्थ संयमाचा. परस्त्री, परपुरुष यांच्यापासून स्वतःला आवरण्याची ती रोजची आठवण. म्हणून कित्येक अमृतधारी (अमृत घेतलेले शीख) कछहरा बदलताना एक पाय जुन्यातून काढून नव्यात घालतात आणि मगच दुसरा पाय काढतात. तो कधीच पूर्ण उतरत नाही.

हा वेश खानदेशात फार लवकर आला. १७०८ साली मोगल बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेकडे निघालेले गुरू बऱ्हाणपूरला थांबले होते, आणि बऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याचं मुख्य शहर होतं. तिथला बडी संगत गुरुद्वारा त्या मुक्कामाची खूण आहे. पुढे तापी ओलांडून ते नांदेडला पोचले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथेच त्यांनी देह ठेवला.

नांदेडला दसऱ्याला आणि होळ्याला ‘हल्ला’ नावाच्या मिरवणुकीत निहंग, म्हणजे शस्त्रधारी शीख, घोड्यांवरून निघतात. निळा चोला, उंच पगडी म्हणजे दुमाला, त्यावर चक्र. चोला गुडघ्यापर्यंत येतो, खाली पायजमा नसतो. आजही त्या वेशात कछहऱ्यावरच घोडा चालवतात.