जिरे, धान आणि बोट : मत्स्यबीजाची वाढ आणि पाण्याची पारख

माशांच्या पिलांना आपल्याकडील भाषांनी जी नावे दिली आहेत, त्यांत एक विलक्षण साम्य आढळते. अंड्यातून बाहेर पडून दोनतीन दिवस झालेल्या, सहा ते आठ मिलिमीटर लांबीच्या पिलास हिंदीत ‘जीरा’ म्हणतात. मराठीत तेच ‘मत्स्यजिरे’ होय. बंगालीत पिलास ‘पोना’ असा सामान्य शब्द असून अगदी कोवळ्या पिलास ‘डिम पोना’, म्हणजे अंड्यातले पोर, आणि त्याहून थोड्या मोठ्यास ‘धानी पोना’, म्हणजे धानाच्या दाण्याएवढे पोर, असे म्हणतात. सुमारे पंचवीस मिलिमीटरांचे झाले की ते आपले ‘मत्स्यबीज’ आणि बोटाएवढे झाले की ‘बोटुकली’. ही सारी नावे धान्यकोठारातून व हाताच्या पंजावरून घेतलेली आहेत. त्यांत वयाचा उल्लेख नाही, आणि पाण्याचा तर नाहीच नाही.

प्रस्तुत लेखकाचा मूळ व्यवसाय शब्दांचा, जीवशास्त्राचा नव्हे. परंतु या नावांचा मागोवा घेताना एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहिला, तो येथे मांडावयाचा आहे. जिऱ्याचे धान आणि धानाचे बोट होणे हे काळावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक पाण्यावर अवलंबून आहे. एकाच दिवशी एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली पिले दोन निरनिराळ्या तळ्यांत सोडली असता पंधरवड्यानंतर एका तळ्यात बीज दिसावे आणि दुसऱ्यात जिरेच, तेही मोजके, उरावे, असे घडते. हे ज्ञान कोणास व केव्हा झाले?

जुन्या ग्रंथांत त्याचा शोध घेतला तर फारसे काही हाती लागत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या, शके 1051 (इ. स. 1129) च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरण आहे. मराठी वाचकांस हा ग्रंथ ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे परिचित आहे. माशांचे प्रकार आणि कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे याची त्यातील माहिती बारकाईची असल्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी दाखवून दिले. तथापि तो विषय राजाच्या गळ टाकण्याचा आहे, पिलांच्या संगोपनाचा नाही. पुढे फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतील माशांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोहित, कटला, मृगल ही देशी नावे लॅटिन पोशाखात जगापुढे ठेवली. ती नावे शास्त्रात आजतागायत टिकली आहेत. या ग्रंथाची दृष्टीही प्रौढ माशाचे वर्णन करून त्याचे वर्गीकरण करण्याची होती.

पाण्याची पारख खरोखर सापडते ती ग्रंथांत नव्हे, तर बंगालच्या बीजवाहकांच्या हातांत. रोहू, कटला व मृगल हे मासे तळ्याच्या स्थिर पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर येऊन गढूळ पाणी चढू लागले की ते उथळ काठाशी विणतात आणि अंडी व पिले प्रवाहाबरोबर वाहू लागतात. ती जाळ्यांनी गोळा करावयाची आणि मातीच्या हंड्यांतून दूरवर, रेल्वेनेसुद्धा, न्यावयाची, असा मोठा व्यापार कलकत्त्याच्या आसमंतात चालत असे. (इंग्रजी वृत्तांतांत या हंडीचे लेखन असे काही केलेले असते की मराठी वाचकास सावकाराच्या हुंडीचाच भास व्हावा.) वाहक प्रवासभर हंडी हलवीत बसे, वाटेत थोडे पाणी काढून ताजे घाली, आणि तांबड्या मातीची बारीक पूड पाण्यात कालवी. निघण्यापूर्वी पिलांना काही काळ उपाशी ठेवण्याचीही रीत होती.

या प्रत्येक कृतीमागील कारण पुढे रसायनशास्त्राने सांगितले. हंडी हलविल्याने पाण्याचा पृष्ठभाग मोडतो व हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो. तांबड्या मातीच्या कणांना मळ व सेंद्रिय कचरा चिकटून तळाशी बसतो. उपाशी पिलू कमी विष्ठा टाकते, म्हणून पाणी उशिरा नासते. वाहकास प्राणवायूचे नाव ठाऊक नव्हते. हात थांबला की पिले वर येतात, हे मात्र पक्के ठाऊक होते. अशा रीतीने वर येऊन तोंडे उघडझाप करण्यास बंगालीत ‘खाबि खाओया’ म्हणतात, आणि तोच वाक्प्रचार मरणोन्मुख माणसाच्या धापेसही लावतात. पाण्याच्या गुणाविषयीचे ज्ञान भाषेत शिरले ते असे, पिलाच्या नावात नव्हे तर त्याच्या तडफडीच्या नावात. हे ज्ञान अडाणी म्हणून बाजूस सारणे आम्हांस मान्य नाही. परंतु त्यास एक मर्यादा होती. ते प्रवासापुरते होते. हंडी तळ्यात रिकामी झाली की वाहकाचे काम संपे, आणि खरी प्राणहानी तेथून पुढे होई.

संगोपन तळ्यात सोडलेल्या जिऱ्यांपैकी फारच थोडी पिले वाचत. 1947 मध्ये केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन केंद्र स्थापन झाले आणि 1949 मध्ये कटक येथे तळ्यांतील मत्स्यसंवर्धनासाठी त्याचे उपकेंद्र निघाले. तेथील के. एच. अलिकुन्ही, हीरालाल चौधुरी व व्ही. रामचंद्रन या तिघांनी 1955 मध्ये संगोपन तळ्यांतील पिलांच्या मृत्यूविषयी आणि त्यांच्या जगण्यावाढण्यातील प्लवकांच्या कार्याविषयी पन्नासांहून अधिक पृष्ठांचा एक निबंध प्रसिद्ध केला. आमच्या मते या इतिहासातील निर्णायक लेखन ते हेच. पिले का मरतात, हा प्रश्न त्यांनी नशिबाकडून काढून पाण्याकडे आणला.

या संशोधनाच्या ओघात जी पद्धती सिद्ध झाली, तिने ‘चांगले पाणी’ या शब्दप्रयोगाचा अर्थच पालटला. माणसाला निवळ पाणी चांगले वाटते. परंतु जिऱ्याच्या पोटातील बलक संपला की त्याला तोंडात मावेल असा सूक्ष्म जीव, म्हणजे रोटिफर, डॅफ्निया यांसारखे प्राणिप्लवक, तत्काळ हवा असतो. निवळशंख पाण्यात तो नसतो. तेथे पिलू उपाशी मरते. म्हणून तळे आधी ‘शिजवावे’ लागते. प्रथम मोहाच्या बियांची पेंड टाकतात. तिच्यातील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते आणि तळ्यातील भक्षक मासे मरतात. दोनतीन आठवड्यांत तिचे विष उतरते आणि तीच पेंड खत होते. शेणखत हेक्टरी दहा टनांपर्यंत घालीत. पेंड वापरली असल्यास निम्मे. मग पाणी हिरवट-तपकिरी होते आणि प्लवकांनी भरते. परंतु जेथे प्लवक तेथे जलकीटकही आलेच. पाठीवर पोहणारे ढेकूणवर्गीय कीटक आणि पाणभुंगेऱ्यांच्या अळ्या जिऱ्यांचा फडशा पाडतात. त्यांच्यावरील उपाय असा : हेक्टरी सुमारे 56 किलो तेल व 18 किलो साधा साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरावयाचे. श्वासासाठी पृष्ठभागावर येणारा कीटक तेलाच्या पापुद्र्याने गुदमरतो. कल्ल्यांनी श्वसन करणारे पिलू पुढे निर्वेध सोडता येते. वारा असेल तर पापुद्रा फाटतो आणि सारी मेहनत वाया जाते, ही गोष्ट मात्र नव्या माणसास एकदा नुकसान सोसल्यावरच समजते.

खत घातलेल्या हिरव्या पाण्याचे दुसरे अंगही ध्यानात घेतले पाहिजे. त्याचा उलगडा होण्यास दोन मापनांची गरज होती. हंगेरियन रसायनज्ञ लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत दिली आणि सोरेन्सन यांनी 1909 मध्ये कोपनहेगन येथे आम्लता मोजण्याची पीएच श्रेणी मांडली. 30 अंश सेल्सिअस तपमानास गोडे पाणी हवेतून लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. वीस अंशांस नऊ. पिलू जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची प्राणवायूची भूक मोठी. दिवसा सूक्ष्म वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री तळ्यातील सारेच तो ओढतात. यास्तव पहाटेची वेळ सर्वांत घातक. लिटरमागे पाच मिलिग्रॅमांच्या खाली प्राणवायू वारंवार जाऊ लागला तर पिलू लगेच मरते असे नाही, पण ते कमी खाते, आणि जे खाते त्यातील शक्ती श्वसनावरच खर्च होते. त्याची लांबी वाढत नाही.

दुपारी याच तळ्यात उलटा धोका असतो. वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, तसा पाण्याचा पीएच चढतो. पिलांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांतील आयनरहित रूप अत्यंत विषारी. 25 अंशांस पीएच 7 असता एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी भाग या रूपात असतो. पीएच 8 असता सुमारे पाच टक्के. आणि पीएच 9 असता एक तृतीयांशाहून अधिक. म्हणजे पाण्यात नवे काहीही न मिसळता, केवळ ऊन चढल्याने, सकाळचे सुसह्य पाणी दुपारी विष होऊ शकते. डोळ्यांना मात्र ते दोन्ही वेळा सारखेच हिरवे दिसते. हंडीच्या वाहकापाशी या धोक्याला शब्द नव्हता, कारण त्याचे कोणतेही लक्षण वेळेवर दिसत नाही.

10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे चौधुरी व अलिकुन्ही यांना माशांच्या पोषग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून अंडी घालविण्यात यश आले. नदीवरील अवलंबन त्यामुळे संपुष्टात येऊ लागले. तो दिवस 2001 पासून राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासलेखनात सुईचे जे कौतुक झाले त्याच्या मानाने तळ्याच्या पाण्याचे झाले नाही, असे म्हणावे लागते. शंभरांतील पाच पिले जगत असतील तर जिरे दहापट करून नासाडीही दहापट होते. सुई टोचणारे हात आणि दोन वर्षांपूर्वी पिलांचा मृत्यू मोजणारे हात एकाच माणसांचे होते, ही गोष्ट ती कथा सांगताना बहुधा गाळली जाते.

आता पुन्हा नावांकडे. आकारावरून नाव देण्याची जुनी रीत अशास्त्रीय आहे, असे मत आम्हीही प्रारंभी बाळगले होते. पुढे आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसरातील रीत समजली. तेथे पिले मुद्दाम दाटीने, तुटपुंज्या खाद्यावर अनेक महिने ठेवून खुजी राखतात. नंतर मोकळ्या तळ्यात सोडली की ती वाढीची कसर झपाट्याने भरून काढतात. अशा पिलास वयाने ओळखावे तर फसगत होते, आणि केवळ लांबीने ओळखावे तरीही होते. व्यापारी म्हणूनच लांबी विचारतो, आणि लगेच विचारतो की ते कोणत्या तळ्यातले.