शैवाक : एक की दोन?

घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही वाण्याकडे गोड्या मसाल्याचे सामान मागितले, की त्यात दगडफूल येतेच. राखाडी-काळसर, कुरळ्या पापुद्र्यांचे. हे फूल नव्हे. आणि बाजारात येणारे पुष्कळसे दगडावरचेही नसते, डोंगराळ भागातील झाडांच्या सालींवरून ते गोळा केलेले असते. मग हे आहे तरी काय? आपण वर्गात सहज सांगून जातो : शैवाक म्हणजे बुरशी व शैवाल यांचे सहजीवन. या एका वाक्यासाठी वैज्ञानिकांमध्ये मोठे भांडण झाले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शैवाक ही स्वतंत्र वनस्पती मानली जाई. उदाहरणार्थ, थंड व दमट डोंगराळ प्रदेशात मातीवर, कुजक्या लाकडावर वाढणारे 'क्लॅडोनिया'. त्याच्या काही जातींत एखाद-दोन सेंटीमीटर उंचीच्या दांड्यावर इवलासा पेला असतो, म्हणून त्यांना पेल्याचे शैवाक म्हणता येईल. या पेल्यांवर बहुधा बारीक भुकटी असते. तिच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि हिरव्या पेशी असे दोन्ही असते. कण वाऱ्या-पावसाने जिथे पडेल तिथे नवे शैवाक वाढू शकते. या हिरव्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पूर्वीच दिसल्या होत्या. पण शैवाकच त्या तयार करते, असा समज होता.

१८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर या स्विस वैज्ञानिकाने वेगळेच सांगितले : हिरव्या पेशी म्हणजे शैवाल, आणि बुरशीने त्यांना गुलामासारखे कामाला जुंपले आहे! शैवाकांचे नामवंत अभ्यासक खवळले. त्यांत अग्रभागी होता पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर. १८९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हे मत स्वीकारले नाही. दरम्यान १८७९ मध्ये जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला 'सिम्बायोसिस' हा शब्द रूढ केला. आपले 'सहजीवन' ते हेच.

पुढे प्रयोगाची साक्षही मिळाली. व्हर्नन अहमदजियान या अमेरिकी वैज्ञानिकाने क्लॅडोनियाच्याच एका जातीतील बुरशी व शैवाल वेगवेगळे वाढवले आणि १९६६ मध्ये त्यांच्यापासून पुन्हा शैवाक घडवून दाखवले. गंमत अशी, की भरपूर अन्न दिले तर दोघे जुळत नाहीत, उपासमारीतच जुळतात.

तरीही गोष्ट संपली नाही. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल व सहकाऱ्यांना अनेक शैवाकांच्या बाह्यस्तरात यीस्ट ही आणखी एक बुरशी आढळली. ती सर्वच जातींत असते असे नाही. पण 'दोघांचे सहजीवन' ही व्याख्या आता अपुरी वाटू लागली आहे.

मग नायलँडर चुकलेला माणूस म्हणून सोडून द्यायचा का? नाही. १८६६ मध्ये त्यानेच पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाके तपासून दाखवले, की शहराच्या हवेची प्रत शैवाकांवरून ओळखता येते. शैवाकांना मुळे नसतात. पाऊस, धुके, हवा यांतून जे येईल ते सारे अंगात शोषले जाते. गंधकाचा डायऑक्साइड त्यांतील बऱ्याच जातींना सोसत नाही. शैवाक काय आहे याबद्दल नायलँडर चुकला, पण ते काय सांगते हे त्याने अचूक ओळखले.

त्याची ही पद्धत आपल्याला सहज वापरता येईल. पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची चौकट करा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आणि अंधेरीच्या हमरस्त्यावरील आंब्यांच्या खोडांवर ती सारख्याच उंचीवर धरा. आत पांढुरके, करडे, हिरवट डाग किती रंगांचे, किती जागा व्यापणारे, ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्या. ऊन, ओल आणि झाडाचे वय यांचाही परिणाम होतो, म्हणून एका झाडावरून निष्कर्ष काढू नका. आणि काही खरवडू नका : वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारे हे जीव आहेत.

नोंदी जमल्या, की वर्गाला नायलँडरची गोष्ट सांगा. एकाच माणसाचे निरीक्षण खरे आणि मत चुकीचे असू शकते, हे व्याख्येइतकेच महत्त्वाचे आहे.