बालवीर चळवळ आणि आपली मुले

बालवीरांचे पथक म्हणजे कवायत, शिटी आणि गळ्यातील रुमाल, एवढीच कल्पना पुष्कळ घरांतून रूढ आहे. मुलाने पथकात नाव घालण्याचा हट्ट धरला की अभ्यासाचे काय होणार, हा प्रश्न प्रथम निघतो; आणि शिबिरात जेवणखाण कोणाबरोबर, हा दुसरा प्रश्न मनात असूनही ओठांवर येत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चळवळीच्या इतिहासातच आहे, म्हणून तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडीत आहोत.

दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यात नावारूपास आलेले सेनानी बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे वेगवेगळे गट न करता त्यांस एकमेकांत मिसळून चार संघ केले. चळवळीचे बीज आमच्या मते कवायतीत नसून या मिसळण्यात आहे.

परंतु हिंदुस्थानात ती आली तेव्हा हेच बीज हरवले होते. 1909 साली बंगलोर येथे कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले, ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. हिंदी मुलांस दार बंद होते. आपल्या धुरिणांनी नुसता निषेध केला नाही. त्यांनी स्वतःची पथके उभारली. श्रीराम बाजपेयी यांनी 1913 मध्ये शहाजहानपूर येथे आरंभ केला. 1916 मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेस स्वतंत्र संस्था स्थापिली. पुढे पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या द्वारे अलाहाबादेहून हे कार्य फैलाविले. 1921 मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले, त्या सुमारास बेझंटबाईंची संस्था मूळ संस्थेत विलीन झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. स्वातंत्र्यानंतर नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस प्रभृतींच्या खटपटीस यश येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एक संस्था झाली. मुलींचे पहिले पथक 1911 मध्ये जबलपूर येथे निघाले होते. त्यांची संस्थाही 1951 मध्ये हीत सामील झाली.

आता पथक चालते कसे ते पाहू. लहान मुले ‘कब’ व मुली ‘बुलबुल’ होतात. दहाव्या वर्षापासून स्काउट वा गाइड होता येते. सहा ते आठ जणांचा एक संघ, आणि अशा संघांचे मिळून पथक. प्रत्येक संघाचा नायक मुलांतलाच असतो, आणि पथकाचे बेत या नायकांच्या सभेत ठरतात. नवागतास वचन, नऊ कलमांचा नियम, तीन बोटांची वंदना, गाठी इत्यादी शिकवून मग दीक्षा देतात. पुढे प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, नंतर राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण आहे. गळ्यातला रुमालही शोभेचा नव्हे. प्रसंगी मोडलेला हात झोळीत बांधण्यास तो उपयोगी पडतो.

शिबिरात संघच चूल मांडतो, संघच भांडी घासतो. पाणी कोणी आणावे आणि भात कोणी शिजवावा, हे पाळीने ठरते, कुळाने नव्हे. नियमाचे एक कलमच असे की स्काउट सर्वांचा मित्र व प्रत्येक स्काउटचा बंधू असतो.

ज्ञातीच्या मुलांपुरते निराळे पथक काढावे, असे कोणास सुचल्यास ते आम्हांस मान्य होणार नाही. ज्या दारावर एकदा आपल्या मुलांस जन्मावरून मज्जाव झाला, तसेच दार आपण दुसऱ्यांच्या मुलांपुढे लावावे, हे शोभणारे नाही. ज्ञातिसंस्थेने गणवेषास व शिबिराच्या खर्चास गरजू मुलांस साह्य अवश्य द्यावे; पण मूल पाठवावे ते शाळेतील सर्वांच्या पथकात. घरी ज्ञातीचे संस्कार मिळतातच. एका पंक्तीत, स्वतः शिजविलेला करपका भात वाटून खाण्याचा संस्कार मात्र तेथेच मिळेल.