आरशाचा कॅमेरा, बिनआरशाचा कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. पुतळे माणसांचे उभारावेत हा आपल्याकडचा शिरस्ता. एखाद्या यंत्राला असा मान मिळाल्याची उदाहरणे विरळाच. हा मान ज्या कॅमेऱ्याला मिळाला तो बाबूराव मिस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ साली पुरा केला. स्वदेशी बनावटीचा कॅमेरा म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. पण त्या गौरवाच्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा कॅमेरा त्या काळच्या विलायती कॅमेऱ्यांच्या तुलनेत कसा होता? आणि तो उणा असेल, तर कोणत्या अर्थाने उणा?

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावसारख्या गावांत लग्नाची छायाचित्रे काढून संसार चालवणारी किंवा तशी उमेद बाळगणारी बरीच तरुण मुले आहेत. हाताशी पैसे बेताचे. त्या पैशांत एक तर वापरलेला, जुना पण वरच्या श्रेणीचा डीएसएलआर घ्यायचा, नाही तर कोरा करकरीत, पण प्राथमिक श्रेणीचा मिररलेस. उदाहरणादाखल कॅननचेच दोन कॅमेरे घेऊ. २००९ सालचा सेव्हन-डी आणि २०२३ सालचा आर-फिफ्टी. दोघांच्या मध्ये चौदा वर्षे आहेत. दुकानदार ही तुलना आकड्यांत मांडतो. मला ती इतिहासाची तुलना वाटते, कारण हे दोन कॅमेरे पाहण्याच्या दोन वेगळ्या रीतींतून आलेले आहेत.

आधी आरशाविषयी. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर घेऊन डोळ्यांपर्यंत पोहोचवायचा, ही कल्पना जुनी. टॉमस सटन याने १८६१ साली इंग्लंडमध्ये अशा कॅमेऱ्याचे पेटंट घेतले होते. पण पुष्कळ काळ असे कॅमेरे पोटाशी धरून, वरून खाली डोकावून पाहण्याचे होते, आणि त्यांत डावे-उजवे उलट दिसे. ड्रेस्डेनमध्ये बनलेल्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याने १९४९ मध्ये पंचकोनी लोलक बसवून ही उलटापालट सरळ केली. १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने चाप दाबल्यावर वर गेलेला आरसा आपोआप लगेच खाली येण्याची सोय केली. १९५९ मध्ये निकॉन एफ आला, आणि पुढची पन्नास वर्षे 'खरा' कॅमेरा म्हणजे आरशाचा कॅमेरा असे समीकरण होऊन बसले. फिल्मच्या जागी संवेदक आला तरी आरसा तसाच राहिला. आरशाला पहिला ठळक शह मिळाला तो २००८ साली, पॅनासॉनिकच्या जी-वन या कॅमेऱ्याने. आणि कॅनन-निकॉन या थोरल्या घराण्यांनी २०१८ साली आपापल्या बिनआरशाच्या मोठ्या कॅमेऱ्यांची मालिका सुरू केली.

आता यातली गंमत पाहा. आरशाच्या कॅमेऱ्याचा सगळा बडेजाव असा की, भिंगाला जे दिसते तेच छायाचित्रकाराला दिसते. खरे आहे, पण चित्र घेतले जाईपर्यंतच. चाप दाबला की आरसा वर उचलला जातो आणि दृश्यदर्शकात अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचे चित्र उमटते, नेमका तोच क्षण काढणाऱ्याने पाहिलेला नसतो! त्याने पाहिलेला असतो त्याच्या आधीचा क्षण; नंतरचा असतो तो अंदाज. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या नावाशी 'निर्णायक क्षण' ही संकल्पना कायमची जोडली गेली आहे, आणि तो वापरत असे तो लायका कॅमेरा आरशाचा नव्हता. त्याच्या बाजूच्या खिडकीत अंधार कधी होत नसे.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून ही अडचण नाही. प्रकाश थेट संवेदकावर पडतो आणि तेथून त्याचे चित्र होऊन डोळ्यासमोरच्या चिमुकल्या पडद्यावर येते. चाप दाबण्याआधीच चित्र किती उजळ, किती काळवंडलेले येणार ते कळते. पण मग जे दिसते ते दृश्य नव्हे. ती दृश्याची यंत्राने केलेली वाचना आहे, आणि तीही किंचित उशिरा आलेली. साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. मूळ संहिता हातात असणे आणि तिची उत्तम टीका हातात असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. टीका पुष्कळदा संहितेपेक्षा सुबोध असते, हेही तितकेच खरे.

बाबूरावांच्या काळी यांतले काहीच नव्हते. हाताने फिरवायच्या त्या कॅमेऱ्यांत चित्र स्पष्ट दिसते की नाही हे चित्रणाआधी पाहून घ्यायचे; नंतर हँडल सेकंदाला दोन फेरे या गतीने फिरवत राहायचे आणि हाताची लय बिघडू द्यायची नाही. दृश्य कसे उतरले, हे फिल्म धुऊन झाल्यावर कळे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र अशी सामग्री विकत घेऊन आले. तेथे त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओही पाहायला मिळाला. म्हणजे फाळक्यांनी यंत्र घेतले ते त्याच्या विद्येसह घेतले. कोल्हापूरच्या मिस्त्री बंधूंची वाट वेगळी होती. आनंदराव आणि बाबूराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनाही चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुना प्रक्षेपक मिळवला आणि त्यावरून कॅमेरा कसा असेल याचा तर्क करायला सुरुवात केली.

हा तर्क वरवर पाहता धाडसाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी यंत्राची पक्की जाण आहे. फिल्म क्षणभर थांबवणे, त्या क्षणी झडप उघडणे, ती मिटल्यावर फिल्म पुढे सरकवणे, हे काम प्रक्षेपक आणि कॅमेरा दोघेही करतात. एकात प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर दोन्ही कामे करीत असे. कोल्हापूरच्या चित्रकारांनी प्रक्षेपक उलटा वाचला, असे म्हणता येईल. आनंदराव १९१६ मध्ये वारले. काम अर्धवट राहिले ते बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांसह तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' झळकला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की त्या दृश्याला कात्री लागली.

तेव्हा तो कॅमेरा विलायतीच्या मानाने उणा होता काय? बांधणीतल्या सफाईत असणारच. लेथवर एकेक भाग कातून जुळवलेले यंत्र कारखान्यातल्या मालाची बरोबरी कशी करील? पण त्याचा एकही भाग असा नव्हता की जो करणाऱ्यांना कळत नव्हता. या ज्ञानाचे पुढे काय झाले, हे मला त्या कॅमेऱ्याच्या स्वदेशीपणापेक्षा महत्त्वाचे वाटते. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. दामले १९२९ साली प्रभातच्या स्थापनेत सामील झाले आणि बोलपट येताच ध्वनिमुद्रणाकडे वळले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आणि १९३६ चा 'संत तुकाराम' यांच्यामागे हाच माणूस उभा आहे. यंत्र बदलले तरी यंत्र उघडून पाहण्याची सवय सुटली नाही.

या पार्श्वभूमीवर उचगावच्या प्रश्नाकडे पाहिले की 'प्राथमिक' आणि 'वरचा' या शब्दांची फसगत ध्यानात येते. कॅमेऱ्याची श्रेणी त्याच्या अंगावर लिहिलेली असते. त्याची कुवत त्याच्या पोटात असते. काळ पोटाला म्हातारे करतो, अंगाला तितक्या लवकर नाही. सेव्हन-डीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे ८२० ग्रॅम. दोन चक्रे, वरच्या बाजूला माहितीची वेगळी पट्टी, धूळ-ओलाव्याला अडवणारे सांधे. अंधारात बोटांनी चाचपून सगळे काही बदलता येते. आर-फिफ्टी बॅटरीसकट अवघा ३७५ ग्रॅम. चक्र एकच, बाकीचा कारभार पडद्यावरच्या याद्यांत. पण त्याच्या पोटात चौदा वर्षांची प्रगती आहे. सेव्हन-डीचे एकोणीस नाभिबिंदू चौकटीच्या मध्याभोवती दाटीने बसलेले. आर-फिफ्टी चौकटीत जवळजवळ कुठेही असलेला चेहरा आणि त्यातला डोळा स्वतः हुडकतो. मंगल कार्यालयातल्या पिवळट, अपुऱ्या उजेडात नवा कॅमेरा जुन्याला सहज मागे टाकतो, यात वाद नको.

वाद सुरू होतो कार्यालयाबाहेर. उचगावहून फार दूर नसलेल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाची. अशा वेळी भिंग बदलायचे झाले तर डीएसएलआरमध्ये संवेदकापुढे निदान आरसा आणि झडप आड असतात. स्वस्त मिररलेसमध्ये भिंग काढले की संवेदक बहुधा उघडाच, आणि हळदीचा एक कण पुढच्या शंभर चित्रांत डाग होऊन बसतो. शिवाय मिररलेसचा पडदा सतत जळत असल्यामुळे बॅटरी भराभर उतरते; दिवसभराच्या यात्रेला दोन-तीन जादा खिशात हव्यात. जुन्याची रडकथा वेगळी. त्याची झडप दीड लाख उघडझापींच्या हिशेबाने बनवलेली असते, आणि आधीच्या मालकाने त्यांतल्या किती वापरल्या, हे विकत घेणाऱ्याला सहसा कोणी प्रांजळपणे सांगत नाही. सुटे भागही वर्षागणिक दुर्मीळ होत जातात.

माझा कौल विचारलाच तर तो असा. उद्यापासून लग्नाच्या कामावर पोट भरायचे असेल त्याने नवा घ्यावा. नवरीचे डोळे धूसर आले तर गिऱ्हाईक सौंदर्यशास्त्र ऐकून घेत नाही. शिकायचे असेल त्याने मात्र जुना घ्यावा. छिद्र, वेग आणि प्रकाशाची संवेदनशीलता या तिघांचे नाते जुन्या कॅमेऱ्यात बोटांना जाणवते. नव्यात ते पडद्यावर आधीच सोडवून दाखवलेले असते, आणि सोडवून दाखवलेले गणित मुलाला येतेच असे नाही. 'मग नव्यातही सगळे हाताने ठरवता येते की', असे कोणी म्हणेल. येते, पण यंत्र न मागता उत्तर पुढे करीत असताना स्वतः गणित करीत बसण्याला निराळाच हट्ट लागतो. तो मिस्त्री बंधूंपाशी होता, हे खरे. पण त्यांना दुसरा मार्गही नव्हता.

दोन्ही घेणे परवडत नसेल तरी एक वाट आहे, आणि ती भिंगातून जाते. कॅननने १९८७ साली ईएफ ही भिंगांची जोडणी आणली. त्या काळापासूनची भिंगे सेव्हन-डीवर थेट बसतात, आणि एक जोडकडे लावले की आर-फिफ्टीवरही चालतात. तेव्हा पहिल्या पैशांत जुना कॅमेरा आणि एक बरे ईएफ भिंग घ्यावे. पुढे झडप थकली, की फक्त कॅमेरा बदलायचा, भिंग तेच.