सोळा सामने, शून्य विजय: डेट्रॉईट लायन्सचा 2008 चा हंगाम

मंडळी, इतिहासाच्या व्याख्यानांत बहुतेक वेळा जिंकलेल्यांच्याच गोष्टी येतात. आज आपण एका हरलेल्या संघाकडे पाहू. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, डेट्रॉईट लायन्स हा संघ 2008 साली 16 सामने खेळला आणि सोळाच्या सोळा हरला. 1976 मध्ये टॅम्पा बे बकनिअर्स 14 पैकी 14 हरला होता खरा, पण तो त्याच वर्षी उभा राहिलेला नवा संघ होता. लायन्स मात्र 1934 पासून डेट्रॉईटमध्ये होता आणि त्याची मालकी हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांच्याकडे होती. मग पैसा असलेल्या जुन्या संघावर ही वेळ का आली?

आधी हंगामाकडे पाहू. गंमत म्हणजे सरावाचे चारही सामने लायन्सनी जिंकले होते! खरे सामने सुरू झाले आणि पराभवांची रांगच लागली. 12 ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवत मागे पळाला आणि पळता पळता मैदानाच्या शेवटच्या रेषेबाहेर गेला. त्याला ते कळलंही नाही. या चुकीला ‘सेफ्टी’ म्हणतात आणि तिचे 2 गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. तो सामना लायन्स 12-10 असा हरले. फरक बरोबर दोनच गुणांचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी घरच्या मैदानावर, साऱ्या देशासमोर, 47-10 असा पराभव झाला. 28 डिसेंबरला ग्रीन बेमध्ये सोळावा सामनाही गेला. हंगामभरात 268 गुण केले आणि 517 दिले.

पण एका हंगामाचं उत्तर त्याच हंगामात सापडत नाही. त्यासाठी आपल्याला 1935 पर्यंत मागे जावं लागेल. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी तेव्हा सुचवलं, की कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडताना पहिला मान सर्वांत खालच्या संघाला द्यावा. हाच ‘ड्राफ्ट’. हेतू चांगला होता: श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत. पुढे टीव्हीचं उत्पन्न संघांमध्ये वाटलं जाऊ लागलं, 1994 पासून पगारांवर मर्यादा आली. हरणाऱ्याला हात देणारी ही व्यवस्था आहे.

आता हात दिला म्हणून माणूस उभा राहतोच असं नाही. 1936 च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड खुद्द बेल यांच्या ईगल्सची होती. त्यांनी जे बरवँगर याला निवडलं आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! लायन्सचंही तसंच झालं. 2001 मध्ये मॅट मिलन यांच्याकडे संघाची सूत्रं आली. 2003, 2004 आणि 2005 अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी पहिल्या फेरीत रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. बाकीच्या जागा कच्च्याच राहिल्या. मिलन यांच्या काळात लायन्स 31 सामने जिंकले आणि 84 हरले. 2005 च्या डिसेंबरात चाहत्यांनी स्टेडियमबाहेर मोर्चा काढला, तरी मिलन यांना काढलं ते 2008 च्या सप्टेंबरात.

इतका उशीर का? आमचं उत्तर असं, की मालकाला घाईच नव्हती. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. एनएफएलमध्ये ती भीती नाही. संघ हरला तरी जागा पक्की, टीव्हीच्या पैशातला वाटा पक्का आणि वर ड्राफ्टमध्ये पहिला मान.

याच दिवसांत त्याच शहरात काय चाललं होतं ते आठवा. नोव्हेंबर 2008 मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही खासगी विमानांनी. तिथे त्यांना खडे सवाल झाले. 2009 मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात उभ्या राहिल्या. कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कारखाना बुडाला तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. संघ बुडाला तेव्हा प्रशिक्षक रॉड मॅरिनेली यांना दुसऱ्या दिवशी काढलं आणि प्रकरण मिटलं. तोशीस पडली ती चाहत्यांना. तिकिटं वेळेत संपली नाहीत तर सामना स्थानिक टीव्हीवर दाखवायचा नाही, असा तेव्हा नियम होता. म्हणजे ज्याला मंदीत तिकीट परवडत नव्हतं, त्याला काही सामने घरी बसूनही दिसले नाहीत.

शेवट मात्र कडू नाही. 2009 च्या ड्राफ्टमध्ये लायन्सनी पहिल्या मानाने मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं आणि 27 सप्टेंबर 2009 ला सलग 19 पराभवांची मालिका संपली. तरी बाद फेरीतला विजय यायला जानेवारी 2024 उजाडावं लागलं. 32 वर्षांनी आलेला तो विजय 24-23 असा, एका गुणाने मिळाला. समोर लॉस एंजेलिस रॅम्स होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक होता हाच स्टॅफर्ड.

पहिला मान मिळाला 2009 मध्ये, फळ मिळालं 2024 मध्ये. मधली पंधरा वर्षं चाहत्यांनी काढली. ड्राफ्टच्या नियमात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.